तिसऱ्या अंकाचं भांडण

गजाभाऊ, भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुझी सवय जुनीच. "गिऱ्हाईक आलं, ठेवतो," म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. दुकानासमोर झेंडूचे गठ्ठे उतरवता उतरवता तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस, त्याच्या आदल्या दिवशीही हेच केलंस. मी म्हटलं होतं, "अमरावतीच्या प्रयोगात मी सही करणार नाही, सांगून ठेवते." तू म्हणालास, "मंग मी दुसरी बाई पाह्यतो." मी म्हटलं, "पाह्य." तू म्हणालास, "उद्या बोलू, गिऱ्हाईक हाय." आता लोक मला विचारतात, भाऊ तुमच्याशी शेवटचं काय बोलले? काय सांगू त्यांना? दुसरी बाई पाहतो म्हणाले, असं सांगू?

आणि वर हा अपमान, की तुझ्या अंगावर घालायला हार दुसऱ्याच्या दुकानातून आणावे लागले. अकोल्याच्या जठारपेठेत तुझ्या हाराशिवाय कोणाचं लग्न लागलं नाही की कोणाची तिरडी उठली नाही, आणि तुझ्याच वेळेला तुझं दुकान बंद. शेवंती शिळी होती, दोरा सैल होता. तुझी बायको, आमच्या रेखावहिनी, त्या रडारडीतही माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे फुलं यायले चालले नसते." आम्ही दोघी तेवढ्यावर हसलो, मग पुन्हा रडलो, आणि मग मला तुझा राग आला. तो अजून उतरलेला नाही. श्रद्धांजली ज्यांना वाहायची त्यांनी वाहावी. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

भांडण त्या अमेरिकेच्या नाटकाचं. तुला सांगायची गरज नाही, पण हे चार लोक वाचणार, म्हणून सांगते. अमरावतीला कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी आपल्याला त्याची झेरॉक्स दिली होती. तू माझ्यापुढे दोन वर्षं. झेरॉक्समधलं एक पान गायब होतं, ते तू मनानं लिहिलंस, आणि पुढे अख्खं पुस्तक हाती आल्यावरही तुझंच पान चांगलं म्हणून हटून बसलास. गोष्ट एवढीशीच. बाप वारलाय. तिकडच्या कुठल्याशा मक्याच्या मुलखातलं घर, त्यातलं स्वयंपाकघर. दोन भाऊ, आणि बापाचं अखेरपर्यंत केलेली बहीण. टेबलावर एक कागद. तिनं सही केली की घर आणि जमीन भावांची. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिघं भांडतात, जुनं उकरून काढतात, आणि शेवटी ती पेन खाली ठेवते, कोट घालते आणि सही न करता निघून जाते. पडदा. तू वाचून झेरॉक्स मिटलीस. मग म्हणालास, "कुंदे, हे तं आपल्या घरचंच हाय. निसता कोट काढून टाक."

मग तुला त्याचं वेडच लागलं. ज्यानं ज्यानं हे नाटक जिथे जिथे केलं ते पाहायचं आणि मला फोन करून त्यांना शिव्या द्यायच्या. इंग्रजी सिनेमे दोन निघाले होते. जुन्यातली बहीण फार सुंदर म्हणून तो नापास, नव्यात बर्फ फार म्हणून तो नापास. हिंदीवाल्यांनी धाकट्या भावाला गुंड केलं आणि बहिणीला वकील. मुंबईचं मोठं नाटक अकोल्याला आलं तेव्हा आपली सगळी टोळी गेली होती. त्यात शेतकऱ्याच्या घरात सोफासेट होता. बहीण सही करते, भाऊ कागद फाडतात, तिघं गळ्यात गळे घालून रडतात आणि मागून सनई. बायका हुंदके देत होत्या, त्यात मीही. तू बाहेर येऊन तिकिटं फाडणाऱ्या माणसाशी भांडलास, जसं काही त्यानंच ते लिहिलं होतं. पुण्याच्या पोरांनी केलं त्यात तिघी जणी मिळून एक बहीण होत्या आणि कागद कुठे दिसतच नव्हता. "कागदच नाई तं भांडून कायले राहिले?" तू भर चर्चेत विचारलंस, आणि चर्चा तिथेच संपली. टीव्हीवरच्या मालिकेत बाईंनी सोमवारी पेन उचललं ते पुढच्या सोमवारपर्यंत हवेतच होतं. ते मात्र तू रोज पाहिलंस. दुकानात हार गुंफता गुंफता पाहिलंस, रेखावहिनींनी चुगली केली होती.

शेवटी तू स्वतः लिहायला बसलास. वऱ्हाडीत. पहिले दोन अंक वाचले तेव्हा मी तुझ्या पाया पडायला तयार होते. मक्याच्या मुलखाचं आपलं काळं रान झालं होतं, कागदाची हक्कसोड झाली होती, आणि तिघं भावंडं अशी बोलत होती की आपल्याच शेजारच्या घरातून आवाज येतोय असं वाटावं. आणि तिसऱ्या अंकात घाण केलीस. तुझी बहीण सही करते. एक शब्द बोलत नाही. सही करते, उठते आणि भावांसाठी चहा मांडते. पडदा.

"अमेरिकेची तर निघून जाते," मी म्हटलं.

"तिले भाऊबीज नाई. आपली कुठी जाईन? यष्टी पकडून अकोल्याले? अन् दिवाळीले कोणाले ओवाळीन?"

"म्हणून सही करायची?"

"खरं असंच असते, कुंदे."

"खरं असते म्हणून नाटकातबी तेच दाखवू? मग नाटक कायले करून राहिलो आपण?"

"खोटं पाहाचं असन तं मुंबईवाले हायेत ना," तू म्हणालास, आणि गिऱ्हाईक आलं.

हे भांडण पुढे प्रत्येक तालमीत झालं. प्रत्येक प्रयोगानंतर टेम्पोत झालं. आपल्या मंडळातले लोक कंटाळून पुढच्या सीटवर जाऊन बसायचे. त्यांना वाटायचं ही दोघं नाटकावरून भांडतात. तुलाही तसंच वाटत असेल. खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते, कारण आता तुला फोन ठेवता येत नाही.

भातकुलीला माझ्या बाबांच्या वावराची हक्कसोड झाली तेव्हा साक्षीदार म्हणून तू आला होतास. मीच बोलावलं होतं. सासरचं कोणी नको होतं मला तिथे. रजिस्ट्रीच्या ऑफिसात तू माझ्या शेजारी उभा होतास, आणि मी सही केली. मग आपण माझ्या भावाच्या, मधूच्या घरी गेलो. भावजय वावरात होती. बाहेरच्या खोलीत तुम्ही सगळे पुरुष पंखा लावून बसलात, आणि मी पदर खोचून चहा मांडला. सवयीनं. ते घर माझं होतं तेव्हाही मीच मांडायची. सगळ्यांना दिला, तुलाही दिला. तू कप घेताना माझ्याकडे पाहिलंस. दोन वर्षांनी तुझा तिसरा अंक हातात आला आणि मी वाचलं: सही करते, उठते, चहा मांडते. कोणी भर चौकात थोबाडीत मारावी तसं झालं मला. माझा चहा उचललास तू. बरं, उचललास तर उचललास, आधी विचारायचं तरी. आणि तेही माझ्याकडूनच करून घ्यायचं, दर प्रयोगाला, स्टोव्ह पेटवून, लोकांसमोर.

मला वाटायचं, ह्या माणसानं मला एवढंच पाहिलं का? सही करणारी आणि चहा करणारी? रजिस्ट्रीतून निघाल्यापासून ते शेवटच्या फोनपर्यंत तू एकदाही विचारलं नाहीस, कुंदे, मनापासून केली होती का सही? नव्हती केली. मधूनं माहेरची साडी घेतली होती, चांगली भारीतली. ती मी अजून नेसलेले नाही. हे ऐकायला तू पाहिजे होतास आणि तू नाहीस, म्हणून चिडचिड होते माझी.

आणि मी नाटक सोडून का दिलं नाही, हेही लोक विचारतात. कशी सोडणार? लग्नानंतर सासूबाईंनी नाटक बंद केलं होतं माझं. तू आठवडाभर रोज त्यांच्यासाठी वेणी घेऊन यायचास, दारात उभा राहायचास, द्यायचास आणि निघून जायचास. नाटकाचा विषयसुद्धा काढला नाहीस. आठव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "जाऊ दे वो तिले. त्या गरिबाच्या वेण्या फुकट जाऊन राहिल्या." मला घराबाहेर काढलंस तू, गजाभाऊ. शाळेत शिकवणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईला तू स्टेजवर उभं केलंस आणि म्हणालास, आवाज काढ, मागच्या रांगेतल्या म्हातारीले ऐकू गेला पाहिजे. आणि तिथे उभं करून तू मला तिसऱ्या अंकात बोलायला एक शब्द दिला नाहीस. दोन्ही तूच केलंस. कसं वागायचं माणसानं तुझ्याशी?

भातकुलीचा प्रयोग आठव. माझं गाव, शाळेचं मैदान, पुढच्या रांगेत मधू. तिसऱ्या अंकात मी पेन हातात घेतलं आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, "नोको करू वो बाई सही." तेवढ्यात दुसरी, "कर वो माय, कर. माहेर तुटते." पुरुषांतून एक जण ओरडला, "तुमी कावून मधात बोलून राहिल्या? नाटक हाय ते." त्यावर ती पहिली म्हणाली, "नाटक हाय तं मंग तुमीच देऊन टाका ना हिस्सा." सगळं मैदान हसलं, आणि मग हसणं थांबून खरंच भांडण लागलं. मी पेन हातात घेऊन तशीच बसले. मधू पान खायला म्हणून उठला तो नाटक संपेपर्यंत आला नाही. मी विंगेत पाहिलं. तू हातानं खूण करत होतास, कर, कर. मी केली. चहा मांडला. टाळी पडली नाही. बायका पदर सावरत गुपचूप उठून गेल्या.

टेम्पोत मी म्हटलं, "पाह्यलं? गावानं तुला नापास केलं."

"गाव भांडलं ना? मंग पास झालो."

तुझ्यापुढे डोकं आपटलं तर डोकंच फुटणार.

गावोगाव हिंडलो आपण, पण पातूरला कधी प्रयोग केला नाहीस. तिथले लोक दरवर्षी बोलवायचे. तू म्हणायचास तिथं स्टेज बरोबर नाई. मग म्हणायचास लाईट जाते. मग म्हणायचास, लेण्या पाहाले गेले तरी पुष्कळ हाय, नाटक कोण पाह्यते. भातकुलीला कुठे स्टेज होतं? चार बाकं जोडली होती आपण. तुझी मोठी बहीण, मंदाताई, पातूरला दिलेली. मी म्हणायची, चल ना, सगळ्यांच्या जेवणाची तरी सोय होईल. तेवढ्यात तुझं गिऱ्हाईक यायचं. मी म्हटलं असेल, फुलवाल्याचं नाक वर, दुसरं काय.

तर अमरावतीचा हॉल तू आधीच बुक करून ठेवला होतास. तू गेलास, हॉल राहिला. मंडळाची बैठक झाली, सगळ्यांनी रुमाल डोळ्यांना लावले आणि ठरवलं की भाऊच्या इच्छेप्रमाणे प्रयोग करायचा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी मान हलवली. मनात ठरवून टाकलं होतं की सही करायची नाही. कोणाला सांगितलं नाही. तालमीत करत राहिले. तुझ्या माघारी तुझ्याशी भांडायला दुसरी जागाच नव्हती मला, स्टेज सोडून.

आणि नाही केली, गजाभाऊ. पेन हातात घेतलं, कागद पुढे ओढला, मग पेन खाली ठेवलं आणि उठून दारातून निघून गेले. थोरल्या भावाचं काम करणारा आपला पद्माकर कागद घेऊन तसाच उभा. त्याला वाटलं मी विसरले. मग पडदा ओढणाऱ्यानं घाबरून पडदा ओढला. आणि मग जी टाळी पडली, तशी टाळी आपल्या नाटकाला कधी पडली नव्हती. मी विंगेत उभी राहून तुझ्या शिवीची वाट पाहत होते. खरंच पाहत होते. बह्याड हायेस काय, एवढं तरी. पद्माकर म्हणाला, "ताई, जबरदस्त." मला त्याला मारावंसं वाटलं.

मेकअप पुसत होते तेव्हा रेखावहिनी एका बाईंना घेऊन आत आल्या. सुती पातळ, हातात प्रवासाची पिशवी. म्हणाल्या, "ह्या मंदाताई. आज पहिल्यांदाच आल्या नाटकाले, मीच आणलं." मी पाया पडले. मंदाताईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"चांगलं काम केलं तू," त्या म्हणाल्या. "चाय नाई मांडली पण."

"काय?"

"रेखा सांगे, शेवटी ते सही करते अन् चाय मांडते. गजूनं लिहेल हाय म्हणे तसं. मी त्याच्याचसाठी आली वो."

मला काही कळेना. मी म्हटलं, ताई, बसा. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन, आणि सांगत गेल्या. तुमच्या बाबांच्या फुलबागेची आणि दुकानाची हक्कसोड झाली तेव्हा तू कॉलेजात होतास. आई आधीच गेलेली. "सही करून घरी आलो अन् चाय मीच मांडली. दुसरं कोण मांडणार? गजू ओट्यापाशी येऊन उभा राहिला. मी म्हणलं, काय पाह्यतं, साखर दे. तं रडाले लागला. मी म्हणलं, बह्याडा, कायले रडतं, तुह्याच नावावर झालं ना." मंदाताई हसल्या. "त्याच्यानंतर धड बोललाच नाई माह्यासंग. याचा, फुलं द्याचा, जाचा. नाटकाचे पास साऱ्या अकोल्याले वाटे, मले कदी नाई देल्ले. एकडाव मीच इचारलं तं म्हणे, ताई, तुले नाई समजणार, अमेरिकेचं हाय."

म्हणजे तो चहा माझा नव्हता. सगळी वर्षं मी तुझ्यावर दात धरून होते, आणि तो चहा माझा नव्हताच. सांगितलं असतंस तर काय झालं असतं रे? टेम्पोत, एखाद्या वेळेला, माझं तोंड सुरू असताना, एकदाच? मी गप्प बसले असते. मी रोज मांडला असता. तू तिला सोडून साऱ्या वऱ्हाडाला तो चहा दाखवलास. आणि ती तो पाहायला आली त्याच दिवशी मी तो काढून टाकला. तुला जिवंतपणी भांडणात हरवता आलं नाही आणि मेल्यावर हरवलं ते असं.

मला रडू आवरेना. मंदाताईंची माफी मागितली. म्हटलं, पुन्हा प्रयोग लावू, तुमच्या पातूरला लावू, सही करते, चहा मांडते, तो म्हणाला होता तसं सगळं करते.

"सही कावून करतं?" मंदाताई म्हणाल्या.

"मग? निघून जाऊ, आजच्यासारखी?"

"जातं कावून? घर तुहं बी हाय ना?" त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की माझा मेकअप पुसून देणाऱ्या रेखावहिनीही कापूस हातात धरून थांबल्या. "सही नाई कराची, अन् जाचं बी नाई. चाय मांडाची. त्यायले द्याची, अन् त्यायच्यातच बसून आपण बी प्याची. ऊठ म्हणणारा कोण हाय, पाहू."

मी अमेरिकेच्या लेखकाचा विचार केला, मुंबईवाल्यांचा केला, पुण्याच्या त्या तीन पोरींचा केला. तुझा केला, माझा केला. कोणालाच सुचलं नाही हे. तुझ्या तालमीत मी कित्येकदा चहा मांडला, पण तिसरा कप कधी भरला नाही, आणि तूही कधी म्हणाला नाहीस, कुंदे, तुझा कुठाय?

प्रयोग लावते आहे पातूरला. स्टेज बरोबर नाही, लाईट जाते, मला माहीत आहे. मंदाताईंसाठी पुढची खुर्ची सांगून ठेवली आहे. तुझं नाव लेखक म्हणून तसंच राहील, तिसऱ्या अंकासाठी त्यांचंही लावणार आहे, तुला चालो न चालो. एवढी वर्षं आपण दोघं सही की नाही, सही की नाही करत एकमेकांचा जीव खाल्ला, आणि जिची सही होती तिला विचारायला एकदा गेलो नाही. पातूर तुझ्या दुकानापासून पाऊण तासाच्या रस्त्यावर आहे, गजाभाऊ.